बाबा ऑस्ट्रेलियाची संसद बघतात

भिवंडी
२५ नोव्हेंबर २०२२

प्रिय निवू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहितेय, असं तुझ्या मनात येणारच. पण फोनवर तू नेहमी घाईत, आणि इकडे माझ्या पाठीमागे बाबांची खुर्ची करकरत असते. मोकळं बोलायचं कसं? म्हणून कागद घेतला. बातमी नवलाची आहे. तुझ्या बाबांना ऑस्ट्रेलियाच्या संसदेचं वेड लागलंय. हो, त्याच बाबांना! तू कॅनबेरात डॅनियलशी रजिस्टर लग्न केलंस आणि मग आम्हाला कळवलंस, त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही. मी तुझा विषय काढला की समोर पेपर उघडतात, मग तो कालचा असला तरी चालतो. तूही काही कमी नाहीस, त्यांना एकदाही फोन केला नाहीस. तुम्हा दोघा हट्टी माणसांच्या मधे माझं पार भरीत झालंय.

या वेडाला कारण झाला आपला अनय. तुझा भाऊ नारपोलीच्या मागांवर चौकड्यांचे किचन टॉवेल विणून घेतो हे तुला माहीत आहेच. सिडनीचा एक व्यापारी त्याला म्हणाला, तुमच्या-आमच्या देशांत मुक्त व्यापाराचा करार होतोय, आमच्याकडची आयात जकात उठली की मोठी ऑर्डर तुमचीच. करारावर सह्या झाल्या त्या नेमक्या गुढीपाडव्याला. झालं! साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त, त्यावर दोन सरकारांच्या सह्या, आणखी काय हवं? अनयने त्याच दिवशी मागांना हार घातले, नारळ फोडला, ताण्याच्या सुताचं नवीन बीम चढवलं आणि आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. माल तयार होऊन गाठी कशेळीच्या गोदामात जाऊन बसल्या, तेव्हा कुठे तो व्यापारी म्हणतो, अहो, थांबा की! सही झाली, पण आमच्या संसदेने कायदा केल्याशिवाय जकात जागची हलत नाही. आपल्या पोराने ते विचारलंच नव्हतं. पाडव्याला झालेलं काम अडेल कसं, अशी त्याची समजूत! त्यात तुमच्याकडे मे महिन्यात निवडणूक होऊन सरकारच बदललं. अनयचं तोंड एवढंसं झालं. गोदामवाला जागा मोकळी करा म्हणून मागे लागला, मागवाले पुढचं काम विचारायला लागले. हा करार बारगळला तर मी धंदा आवरतो, असं तो एकदा जेवता जेवता बोलून गेला आणि ताटावरून उठला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, तरी मला हे सगळं नवीन. आपल्याकडे असा करार संसदेच्या मताला येत नाही. सरकार सही करतं, जकातीची अधिसूचना निघते, काम भागतं. तुमच्याकडे मात्र जकातीचा कायदा बदलायला वेगळं विधेयक. ते आधी हिरव्या बाकांच्या कनिष्ठ सभागृहात, मग तू जिथे भाषणांचं इतिवृत्त लिहितेस त्या लाल बाकांच्या सिनेटमध्ये. मला किती प्रश्न पडलेत म्हणून सांगू! नव्या सरकारने जुन्याचा करार अडगळीत का नाही टाकला? ज्या पक्षाने सही केली तो आता समोरच्या बाकांवर बसून दुसऱ्याच्या विधेयकाला हो म्हणतो, तेव्हा त्यांना एकमेकांकडे बघून हसू येत नाही का? आवाजी मतदान आपल्याकडेही आहे, पण तुमच्याकडचे लोक ‘हो’ इतकं हळू म्हणतात की अध्यक्षांना सर्दी झाली असेल तर कायदा होतो की राहतो? आणि कोणी भाषणाच्या मधे नुसतंच खाकरलं तर तुम्ही ते लिहून घेता का? हे शेवटचं मला खरंच कळव. वर्गात मुलांनी असं काही विचारलं असतं तर मी किती खूश झाले असते.

तुमची दुपार म्हणजे आमची सकाळ. अनयने टीव्हीवर ते प्रक्षेपण लावून दिलं आणि बाबांना म्हणाला, मी गोदामात असतो, तुम्ही लक्ष ठेवा. बाबांना निमित्तच मिळालं. आंघोळ आटपून, इस्त्रीचा सदरा घालून बसतात, जणू मत त्यांनाच द्यायचंय. अंबाडी गावची चंद्रा भांडी घासायला येते, तीही पदराला हात पुसत दाराशी उभी राहते. मागे म्हणाली, बाय, ही मानसं भांडत कशी न्हाईत, आनि बाकीची गेली कुठं? मला हसू आवरेना. एक दिवस तर भलत्याच विषयावर चर्चा चालली होती, टॉवेलांचा काही संबंध नाही. मी म्हटलं, हे आपलं विधेयक नव्हे, बंद करा आता. तर म्हणे, असू दे, पद्धत कळते! तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. पडद्यावर भाषण करणारा माणूस असला की हे खुर्चीत मागे रेलतात. पूर्ण सभागृह दाखवलं की पुढे वाकतात, चष्मा पुसतात. डोळे त्या मधल्या टेबलावर, जिथे तुम्ही इतिवृत्तवाले पाळीपाळीने येऊन बसता. एकदा त्यांच्या तोंडून निसटलंच, आता पाळी बदलेल, आता येईल. कोण येईल, ते मला कळलं. स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून घेतलं.

विधेयक मंगळवारी सिनेटमध्येही मंजूर झालं. मला वाटलं होतं, घंटा वाजतील, माणसं मोजतील. कसलं काय! मी कढीपत्ता तोडायला बाल्कनीत गेले, तेवढ्यात कायदा होऊनही गेला. लागू कधी होणार ती तारीख अजून यायची आहे, पण व्यापाऱ्याने अनयला शब्द दिलाय आणि या खेपेला आधी तारीख विचारायची, असं मी त्याला बजावलंय. पोरगं किती दिवसांनी पोटभर जेवलं! त्या सकाळी तो कशेळीहून सारखा फोन करत होता, पण बाबा उचलेनात. मी बाल्कनीतून आत आले तर ते टीव्हीसमोर उभे. पडद्यावर पूर्ण सभागृह होतं आणि तू तुझ्या जागेवरून उठत होतीस. एक हात टेबलावर टेकलास, दुसरा कमरेवर ठेवलास, जराशी तशीच थांबलीस आणि त्या ढगळ्या कोटात सावकाश चालत बाहेर गेलीस. बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, निवूची पाठ दुखतेय का गं? तिला काय झालंय?

निवू म्हणाले! त्यांना पाठ दिसली. मी दोन बाळंतपणं झालेली बाई, मला दुसरंच दिसलं. कितवा महिना गं? आमच्यापासून का लपवलंस, ते विचारत नाही. कळतंय मला, आणि लागलंयही. खायला काय आवडतंय, कोणी करून घालतं का, रात्री झोप लागते का, सगळं सगळं कळव. बाबांना मी यातलं काहीएक सांगितलेलं नाही. त्यांना मात्र चैन नाही. शेजारच्या डॉक्टरांना पाठदुखीबद्दल विचारून आले आणि काल म्हणाले, तिचा नंबर माझ्या फोनमध्ये घालून दे. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते समोर आलं, आणि मीच म्हटलं, तिला नाताळची सुट्टी लागू दे, मग करा. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. सुट्टीत इकडचा अनोळखी नंबर दिसला तर उचल. पलीकडून आधी नुसती खुर्चीची करकर ऐकू येईल, तरी थांब. मग ते तुझ्या पाठीची चौकशी करतील. तेव्हा काही नाही म्हणून उडवून लावू नकोस, बाळा. आजोबा होणार असल्याचं त्यांना माझ्याकडून नको, तुझ्याच तोंडून कळू दे.

जपून चाल,
तुझीच आई