नडक तेलाची लक्ष्मम्मा

नल्लकुंटा, हैदराबाद
९ जून १९९६

चि. नामदेव यास सुशीलाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उषाचा भाजलेला हात बरा झाला हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, आता तरी कढई चिमट्यानं धर.

आमच्याकडे तब्येती ठीक आहेत. ह्यांना रिटायर झाल्यापासून दुपारी झोपायची सवय लागली आहे, पण झोपू देतं कोण. पाठ टेकली की भोंगा लावलेला ऑटो गल्लीत शिरतो. आज साड्यांचा सेल, उद्या कम्प्युटर क्लास. सकाळी पेपर झटकला की आधी रंगीत कागद गळतात, मग बातम्या. फाटकावर कुणी केबलचं स्टिकर चिकटवून गेलं, ते मी सुरीनं खरवडलं तर रंगही निघाला. टीव्हीवर बाई रडत असते आणि तिच्या हनुवटीखालून पट्टी सरकते, कोठीच्या बाजारात चष्मे स्वस्त. हे म्हणतात, देशाचा बाजार उघडला म्हणतात तो आपल्याच घरात उघडलेला दिसतो.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. परवा पेपरातून एक हिरवा कागद पडला. आमच्या माधवीनं उचलला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर माझा फोटो होता. मी, माझी जांभळी इरकल, माझं कुंकू. वर तेलुगूत मोठ्या अक्षरांत ‘नडक तेल’. नडक म्हणजे चाल. खाली लिहिलं होतं की मी वरंगलची लक्ष्मम्मा, वय बासष्ट. आठ वर्षं गुडघ्यांनी अंथरुणाला खिळले होते आणि या तेलानं आता देवळाच्या पायऱ्या चढते. मला अजून पंचावन्नावं लागायचं आहे आणि माझे गुडघे कधी कुरकुरलेले नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

फोटो कुठला ते लगेच कळलं. एप्रिलात माधवीचा स्थळांना दाखवायचा फोटो काढायला कोठीतल्या एका स्टुडिओत गेलो होतो. फोटोग्राफर म्हणाला, अम्मा, तुम्हीपण बसा, रीळ उरलं आहे, पैसे नक्को. मी बसले. चांगला आला म्हणून घरात लावलाही होता. आता तो भिंतीवरून काढून ठेवला.

हे आधी हसले, मग त्यांनी वय पुन्हा वाचलं आणि हसायचे थांबले. काय करावं ते सुचव. लेकरांच्या पाठीवरून माझा हात फिरव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
सुशीलाअक्का

*

उदगीर
२० जून १९९६

ती. सौ. अक्कास, नामदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि शिक्षकांच्या खोलीत एकटाच हसत बसलो. जत्रेत फोटोवाला दिसला की तू आईच्या पदराआड लपायचीस. आता वरंगलपर्यंत तुझा फोटो गेला आणि तुला बासष्टावं लागलं, म्हणजे या वर्षीपासून मी तुझ्या दुप्पट पाया पडायला हवं. उमाजीराव दाजींना सांग, लक्ष्मम्माबाईंना जपून पायऱ्या चढवा.

थट्टा पुरे. लातूरच्या मंडळींना माधवीचा फोटो पसंत पडला आहे. मुलगा हर्षवर्धन पॉलिटेक्निकात शिकवतो, स्वभावानं शांत आहे. मी स्वतः जाऊन त्याच्याशी बोललो. दिवाळीनंतर साखरपुडा करू म्हणतात. त्याची आत्या तुमच्या जवळच बरकतपुऱ्यात राहते, ती माधवीला बघायला येईल.

म्हणून माझं ऐक आणि त्या कागदाचं मनावर घेऊ नकोस. कागदच तो, आठवड्याभरात त्यात कुणी भजी बांधून नेईल. तुम्ही आरडाओरडा केला तर ज्यांनी पाहिला नाही तेही पाहतील.

उषा नमस्कार सांगते. मोठ्यांचा आशीर्वाद डोक्यावर असावा, एवढंच मागणं.

तुझा
नामदेव

*

नल्लकुंटा
२८ जुलै १९९६

चि. नामदेव यास आशीर्वाद. वि. वि.

हर्षवर्धनच्या आत्या येऊन गेल्या. बोलायला बऱ्या वाटल्या. माधवीला त्यांनी जवळ बसवून घेतलं.

भज्यांचं तुझं म्हणणं मात्र खरं झालं नाही. मी आता सिटी बसच्या पाठीवर आहे. गौलीगुड्याला भाजी घ्यायला गेले तर पुढून निघालेल्या बसवरून मीच माझ्याकडे बघत लांब गेले. काचीगुड्याच्या भिंतींवर आहे. रात्रीच्या मालिकेखाली त्या पट्टीतही आहे. मंडईत बायका माझ्या पायांकडे बघतात.

आम्ही दोघं स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर म्हणाला निगेटिव्ह स्टुडिओची असते, कंपनीवाले येऊन घरंदाज चेहरे निवडून नेतात, त्यात तुमचा लागला. नशीब म्हणा, असंही म्हणाला. मग कंपनीच्या ऑफिसात गेलो. दोन खोल्या, एक टेलिफोन आणि टाय लावलेला एक मुलगा. फार आदरानं बोलला. थंडा मागवला. म्हणाला, अम्मा, लोक टीव्हीवर यायला धडपडतात, तुम्हाला हवं तर केबलसाठी दोन वाक्यं बोला. मी म्हणाले, फोटो काढा. तो म्हणाला, छापून झालेलं कसं काढणार. दुसऱ्या दिवशी त्यानं तेलाची दोन खोकी घरी पाठवली. ह्यांनी ती उलट्या पावली परत केली.

हेही मी सोडून दिलं असतं. पण आमच्या शेजारच्या चतुराबाई तुला आठवत असतील, सांध्यांनी बेजार असतात त्या. त्यांनी हे तेल आणलं. मी समोर बसून सांगितलं की तो फोटो खोटा आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बाई, चांगल्या गोष्टीला दृष्ट लागू नये म्हणून तू लपवतेस, मला कळतं. वीस वर्षांची शेजारीण माझ्या तोंडावर विश्वास ठेवत नाही, माझ्या फोटोवर ठेवते.

उषाला आशीर्वाद. उत्तराची वाट बघते.

तुझी
अक्का

*

उदगीर
२५ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र लिहायला मन होत नव्हतं. हर्षवर्धनच्या आत्यानं तुझा बसवरचा फोटो पाहिला आणि लातूरला कळवलं. मला तिकडून निरोप आला. मी गेलो. आधी विचारलं, घराण्यात वात आहे का. मी शपथेवर सांगितलं की माझी बहीण अजून आमच्या सगळ्यांच्या पुढे चालते. मग विचारलं, तर मग जाहिरातीत काम करतात का. आजारी म्हणावं तरी अडचण आणि धडधाकट म्हणावं तरी अडचण.

शेवटी वडीलधाऱ्यांनी समजूतदारपणा दाखवला. म्हणाले, गाजावाजा होऊ नये, बाकी आमची हरकत नाही. मी तुझ्या वतीनं शब्द दिला. तेव्हा साखरपुड्यापर्यंत कुठे जाऊ नकोस, कुणाशी भांडू नकोस. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

उषा शेजारी बसून हे वाचते आहे. तिचं म्हणणं वेगळं आहे, पण ते मी लिहीत नाही.

तुझा
नामदेव

*

नल्लकुंटा
२२ सप्टेंबर १९९६

चि. नामदेव यास आशीर्वाद. वि. वि.

तुझा शब्द माझ्याकडून मोडला. कसा ते लिहिते, मग रागव.

चतुराबाई दवाखान्यात आहेत. तेल सुरू केल्यावर त्यांनी डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गुडघे सुजले, ताप भरला, तेव्हा त्यांच्या किशोरनं उचलून नेलं. मी पेज घेऊन गेले. त्यांनी मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. किशोर संकोचानं म्हणाला, आईला वाटतं तुम्हाला अस्सल तेल मिळतं आणि तिला नकली मिळालं, तुम्ही दुकान सांगितलं नाही.

बाहेर येऊन स्टॉपवर उभी राहिले. जी बस आली तिच्या पाठीवर मी होते. मी चढले, पण बसले नाही. दांडा धरून आधी तेलुगूत, मग उर्दूत सांगितलं की मागे ज्या बाईचा फोटो आहे ती मी. माझं नाव लक्ष्मम्मा नाही आणि मी हे तेल कधी लावलेलं नाही. कंडक्टर म्हणाला, अम्मा, बसमध्ये माल बेचना मना है. एक गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले, आपण बघतो तसे. एका बाईनं विचारलं, बाटली केवढ्याला.

कुणी आपणहून बोलायला लागलं की ते काहीतरी विकतंय, असंच लोकांना आता वाटतं. त्यांचा दोष नाही, मलाही तसंच वाटलं असतं. मग मी माझी पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. पेजेचा रिकामा डबा, छत्री आणि तुझं पत्र. त्यावर दोघीतिघी हसल्या आणि ऐकू लागल्या. एका म्हातारीच्या सुनेनं कालच बाटली आणली होती. म्हातारीनं मला विचारलं, मग गोळ्या चालू ठेवू का. मी म्हणाले, ते डॉक्टरला विचारा. फोटोला विचारू नका, आणि मलाही नको.

तेव्हापासून रोज सकाळी एक बस करते. हे पहिल्यांदा फार रागावले. आता मागच्या सीटवर येऊन बसतात. काल कंडक्टरनंच लोकांना सांगितलं, गप बसा, अम्मा बोलतेय.

परवाच्या बसमध्ये हर्षवर्धनच्या आत्या होत्या. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ओळख न दाखवता उतरल्या. हे माझ्याकडूनच तुला कळावं.

तुझ्या मनात जे येईल ते लिही, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझी
अक्का

*

उदगीर, ११ ऑक्टोबर १९९६ (कार्ड)

ती. सौ. अक्कास नमस्कार. लातूरकरांचा नकार आला. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही. मी मध्यस्थ होतो, आता त्या गावात कोणत्या तोंडानं जाऊ ते तूच सांग. चतुराबाईंची प्रकृती कळव.
नामदेव

*

नल्लकुंटा
८ डिसेंबर १९९६

चि. नामदेव यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कार्डाला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण मलाही तुझ्यापुढे तोंड नव्हतं. तुला खाली बघायला लागलं याचं वाईट वाटतं. ते वाटतच राहील.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. लातूरचा नकार येण्याआधी माधवीनं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून हर्षवर्धनला फोन केला होता. तो चांगलंच बोलला. आईंचं खरं आहे हे मला पटतं, फक्त साखरपुड्यापर्यंत त्यांनी थांबावं, असं म्हणाला. माधवीनं विचारलं, पटतं तर हे तुम्ही तुमच्या आत्याला सांगाल का. तो म्हणाला, बघू. तिनं फोन ठेवला. घरी येऊन मला म्हणाली, मामाला सांग, यात त्याची काही चूक नाही. नंतर दोन दिवस ती नीट जेवली नाही, तेही लिहिते. आता बरी आहे.

गेल्या महिन्यात बसवरून मी गेले. कंपनी कंटाळली असेल. ह्यांनी जिलेबी आणली. मलाही हलकं वाटलं. आणि चार दिवसांनी त्याच बसच्या पाठीवर दुसरी बाई आली. नाकात मोठी चमकी, दंडावर गोंदण. खाली नाव लक्ष्मम्मा, वरंगल, वय बासष्ट, आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली.

किशोरनं तो कागद त्याच्या आईला दाखवला. चतुराबाई आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. त्यांनी कागद बराच वेळ बघितला आणि मला बोलावणं पाठवलं. म्हणाल्या, बाई बदलली आणि लक्ष्मम्मा तीच राहिली, म्हणजे लक्ष्मम्मा कुणी नव्हतीच. मग माझा हात धरून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, हिला शोधू. ऑटो करून स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर नाव सांगेना. चतुराबाई त्याच्या फोटोच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, माझे गुडघे आखडले, मला आता उठवत नाही. ते खरंच होतं. बाहेर एक नवरा-नवरी फोटोसाठी ताटकळत उभे होते. थोड्या वेळानं त्यानं पत्ता सांगितला.

बाईचं नाव नरसम्मा. गौलीगुड्याला बस स्टँडच्या मागे तिचं बांगड्यांचं छोटं दुकान आहे. तो हिरवा कागद तिनं दुकानात देवाच्या तसबिरीखाली लावला होता. तिला वाचता येत नाही. स्टुडिओवाल्यानं सांगितलं की चांगल्या फोटोंत तुझा निवडला, तेवढंच तिला ठाऊक. मला बघून आधी तिनं हाताचं माप विचारलं. मग मी कोण आणि रोज बसमध्ये चढून काय बोलते ते सांगितलं. तिनं कागदाकडे बोट दाखवून विचारलं, खाली काय लिहिलंय ते वाचून दाखव.

मी सगळं वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, माझ्या आईनं माझं नाव नरसम्मा ठेवलं आहे. चतुराबाईंना तिनं गल्ल्यापाशी बसवलं, बांगड्यांवर कापड टाकलं आणि चपला घातल्या. मी म्हणाले, सावकाश ये, मी स्टॉपवर थांबते. ती म्हणाली, थांबायचं कशाला अक्का, सगळ्या बसेस इथूनच तर सुटतात, चला.

उषाला म्हणावं, तुझं म्हणणं काय होतं ते तू स्वतःच लिही. संक्रांतीला सगळे या. राग असला तरी तो घेऊन या.

तुझी
सुशीलाअक्का