लॉरीवरचा गंज

बाबा, काल दसरा झाला. आईच्या हातांना आता कंप सुटतो, म्हणून यंदा तुमची लॉरी मी पुसली. तेव्हापासून तुमच्याशी भांडावंसं वाटतंय.

ब्याऐंशी की त्र्याऐंशी साल असेल, मी कॉलेजात होते. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत, कारखान्यातून आल्यावर, तुम्ही खिडकीशी बसून तुपाच्या डब्याचा पत्रा कापता आहात. पुढे नाक काढलेली जुनी लॉरी, हातभर लांब. आजोबा चालवायचे त्या लॉरीची नक्कल. खरी गावाकडे भंगारात गेली होती आणि तिचा फोटोही कुणाकडे नव्हता. हिरवा रंग देऊन झाला तेव्हा मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, "आता खरा काम." आणि नव्याकोऱ्या लॉरीची वाट लावायला बसलात. लोखंडाचा कीस गंजवून डिंकात कालवायचा, स्टोव्हची काजळी घ्यायची, गावाहून आणलेली तांबडी माती चाळायची. डोळे मिटून आठवायचं आणि मग एकच ठिपका लावायचा. आई तेव्हा स्वयंपाकात असायची, तिला तो नुसता रंगकामाचा पसारा वाटायचा. "हंय बापाशीचो हात टेकायचो," म्हणत दाराची कड काळपट केलीत. आजोबांविषयी तुम्ही एरवी कधी बोलला नाहीत. जे बोललात ते त्या डागांविषयी.

खंडेनवमीला तुम्ही कारखान्यातल्या मशीनच्या पूजेला गेलात. घरी आईने विळी, सुऱ्या, शिलाई मशीन घासूनपुसून मांडलं, तशी लॉरीही मांडली. मळकं वाहन पूजेला कसं ठेवणार? साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन तिने सगळं काढलं. मी क्लासहून आले तेव्हा लॉरी हिरवीगार होती, टपावर झेंडू. माझ्या मागोमाग तुम्ही आलात आणि चपला न काढता दारातच उभे राहिलात.

"केवढा मळ बसला होता हो! बघा आता," आई म्हणाली.

तुम्ही बघितलंत. "झकास," म्हणालात. मग मोरीत हातपाय धुताना आईकडे नजर टाकून मला हळूच म्हणालात, "आवशीक सांगू नको हां."

तुम्ही लॉरीला पुन्हा हात लावला नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात गेलातच. आई दर दसऱ्याला ती लखलखीत करते, शेजारणींना कौतुकाने दाखवते. तिचं एवढं समाधान मी कसं मोडू? पण कुठला डाग कुठे होता हे आता फक्त मला आठवतं, तेही अर्धवट. तिला जपलंत ते बरंच केलंत हो, पण मला हे एकटीला का दिलंत? राग येतो तुमचा. रडूही येतं.

काल लॉरी उलटी केली. मागच्या चाकाच्या वर, आतल्या अंगाला, आईचा ब्रश कधी पोचलाच नव्हता. तिथे नखाएवढा गंज होता, तुमच्या बोटाने लावलेला. मी ती पटकन सरळ केली. आई समोरच बसली होती.

"आतून पण पूस गं," म्हणाली. "त्यांना मळ खपायचा नाही."

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि आईच्या हाती लागेल म्हणून घरातही ठेवता यायचं नाही. फाडायच्या आधी तेवढं सांगते. मी तो पुसला, बाबा.