परवा म्हणजे कुठली?

११ नोव्हेंबर, सोमवार

हे अजून आले नाहीत. शनिवारी हिर्डोशीला गेले, सतरा वर्षं शिकवलं ती शाळा बघायला. तिथल्या जुन्या विद्यार्थ्याकडे, गेनबाकडे एक रात्र, रविवारी परत, असं ठरलं होतं. मोबाईल इथंच, चार्जिंगला! गणपतीपासून विसरायला लागलेत. गेल्या आठवड्यात आपलीच गल्ली चुकले. एकटं जाऊ दिलंच का मी?

दुपारी गेनबाचा फोन. नुसती घरघर. 'वैनी, सर व्हय... सर परवा...' — तुटला. मग लागेचना.

परवा! मागची की पुढची? पुढची असेल तर बुधवारी येतील. मागची असेल तर शनिवारीच तिथून निघाले — मग दोन रात्री कुठं आहेत? पुढं वरंधा घाट. दरी. देवा!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हिर्डोशीची गाडीच आली नाही. शेजारचे कुंडलिकभावजी उद्या दुपारी शोधायला जीप काढणार. 'अवो वैनी, घाटच सरांना घाबरंल! छडी आठवती आमाला.' मी हसले. मग पुन्हा गेनबाचा नंबर लावला.

या 'परवा'नं आधीही घात केलाय. लग्न ठरलं तेव्हा यांच्या बहिणीनं निरोप आणला — 'परवा स्टँडवर भेटायचं!' मला वाटलं, मागच्या परवाची भेट हुकली, म्हणून ओरडतेय; मी गेलेच नाही. हे भोर स्टँडवर शेवटच्या गाडीपर्यंत बसून राहिले. तेव्हा मला 'तुम्ही' म्हणायचे, लाजून.

मग मी त्यांना कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अगाथांचा शब्द दिला. ओव्हरमॉरो. उद्याच्या पलीकडचा दिवस, फक्त पुढचा. पाचशे वर्षांपूर्वी इंग्रजीत होता. मागच्या परवासाठी निराळा होता. इंग्रजांनी दोन्ही टाकले. आता चार शब्द जोडून सांगतात. सिस्टर म्हणायच्या, 'टाकलेला शब्द उचलावा, मुलींनो, कधीतरी लागतो.' आम्ही उचलला. लग्नापर्यंत प्रत्येक चिठ्ठीत ओव्हरमॉरो. मग मी 'तू' झाले, एका घरात आलो, शब्द राहून गेला.

झोप नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दारात हिर्डोशीच्या गाडीचा सोमनाथ कंडक्टर. 'वैनी, चुकलं माजं. सरांनी सोमवारी हिर्डोशीत चिठ्ठी दिलेली. खिशातच राह्यली.'

तिकिटामागे यांचं अक्षर. एकच शब्द. ओव्हरमॉरो.

सोमवारची चिठ्ठी — म्हणजे आज! 'चारच्या गाडीनं येत्याल, गेनबा बसवून देणार हाय,' सोमनाथ म्हणाला. जीप नको म्हणून सांगितलं. रडले, मग शिरा केला. कोण म्हणतं हे विसरतात? चाळीस वर्षांपूर्वीचा शब्द कसा नेमका आठवला! उगाच घाबरले मी.

बुधवार, संध्याकाळ

स्टँडवर उतरले. मला पाहून थबकले, सदरा नीट केला, लाजले. म्हणाले, 'आलात तुम्ही! परवा मी शेवटच्या गाडीपर्यंत थांबलो होतो. आता निघायला हवं, तुमच्या घरी काळजी करतील.'