लोकरीतून प्राण कळत नाही

सर,

तुम्हाला जाऊन आता सतरा वर्षं होतील, आणि मी अजून तुमच्यावर संशय घेतेच आहे. गेलेल्या माणसाबद्दल असं मनात आणू नये म्हणतात. पण तुम्ही समोर होता तेव्हाही मी हेच करत होते, फक्त बोलून दाखवत नव्हते. सोनईला शाळेच्या हॉलमध्ये आपण पहाटे साडेपाचला जमायचो. तुम्ही पी.टी.चे सर म्हणून रिटायर झालेले, आणि आम्ही दहा-बारा जण: दोन शिक्षिका, एक किराणा दुकानदार, साखर कारखान्यातला एक फिटर, अशी सगळी मंडळी. पतसंस्थेत दिवसभर खुर्चीला चिकटून बसल्याने कंबर धरलेली मी त्यात सगळ्यांत लहान. सतरंज्या अंथरायच्या, पाय लांब करून पुढे वाकायचं, कपाळ गुडघ्यांकडे न्यायचं, की तुम्ही अनवाणी फिरायला लागायचा. तुमचा उजवा तळहात आमच्या पाठीवरून वीतभर उंचीवरून जायचा, टेकायचा कधीच नाही. मध्येच थांबायचा. ‘हितं आडलाय प्रान. आसन म्हंजी नुसता साचा हाय, आत काय व्हातंय ते बघ. श्वास तिकडं पाठीव.’ आम्ही पाठवायचो. आणि तिथली पाठ खरंच हळूहळू सैल व्हायची, हे मी नाकारत नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती थंडीत. पहाटे हातपाय गारठून जायचे, आणि तुम्ही मात्र हॉलमध्ये आल्या आल्या सगळ्यांना स्वेटर काढायला लावायचा. ‘लोकरीतनं प्रान कळत न्हाई.’ शाल चालायची नाही. मफलर चालायचा, कानटोपी चालायची, पाठीवर मात्र सुती सदरा किंवा कुर्ता, तोही पातळ. मी म्हटलं, वा रे प्राण! हाडामांसातून वाहतो म्हणे, आणि माझ्या आईने विणलेल्या स्वेटरला अडतो? त्या दिवसापासून मी तुमच्या हाताकडे बघणं सोडलं आणि वाकल्या वाकल्या काखेतून तुमच्या डोळ्यांकडे बघायला लागले. तुमचे डोळे आमच्या कपड्यांवर असायचे. श्वासासरशी कापड जिथे हलत नव्हतं, तिथे हात थांबायचा. मग एके दिवशी मी कणकण आहे असं सांगून स्वेटर काढलाच नाही, आणि वाकल्यावर मुद्दाम डावीकडची पाठ आवळून धरली. तुम्ही माझ्यापाशी आलात, हात फिरवलात, परत फिरवलात, आणि म्हणालात, ‘तुझं आज समदं मोकळं हाय.’ सर, चोर पकडल्यावर व्हावा तसा आनंद मला झाला. म्हणजे इतके दिवस तुम्ही आम्हा सगळ्यांना शेंडी लावत होता! घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘कंबर दुखायची थांबली ना? मंग गप जा की.’ मी गप जात राहिले.

आज वाटतं, कापड वाचता येणं हीसुद्धा लहान विद्या नव्हती. मैदानावर उभी हयात पोरं बघितलेला डोळा होता तो. मग तसंच का नाही सांगितलंत? ‘तुमचा सदरा कुठं हलत न्हाई ते बघतो’ एवढंच म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? मीच उत्तर देते. आम्ही महिनाभरात यायचे बंद झालो असतो. श्वास तिकडे पाठवायला माणसाला कुणीतरी आतलं बघतंय असं वाटावं लागतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच तुम्ही हात फिरवत होता असा माझा संशय आहे.

पण एका दिवसाचा अर्थ मला अजून लावता येत नाही. माझं बेलापूरचं स्थळ ठरून मोडलं होतं. सुपारी फुटली होती, साड्या घेऊन झाल्या होत्या. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कुणालाही काही न सांगता मी क्लासला आले. शेवटी शवासनात पडलो असताना तुमची पावलं माझ्या सतरंजीशी थांबली. डोळे मिटलेले, तरी हात वर आहे हे मला कळतंय. तुम्ही हळूच म्हणता, ‘लई दाटलंय गं. चार दिस आसनं नको करू. नुसती येऊन पडून ऱ्हा.’ मी तिथेच रडले, दुकानदारासमोर, फिटरसमोर, लाजसुद्धा वाटली नाही. न सांगता कुणीतरी ओळखलं, असं आयुष्यात मला तेव्हाच वाटलं, आणि ते मला फार हवं होतं. आठवड्याने लक्षात आलं की तुमच्याकडे आणि आमच्याकडे दूध घालणारा एकच आहे, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला विचारायचं दहा वेळा ओठांवर आलं. विचारलं नाही. तुम्ही ‘व्हय, दूधवाल्यानं सांगितलं’ म्हणाला असता, तर त्या दिवसाचं माझ्याकडे काय उरलं असतं?

आता मी श्रीरामपूरला एका मंगल कार्यालयात सकाळचा क्लास घेते. लग्नतिथी असली की आम्हाला सुट्टी. वीसेक बायका येतात, आणि सर, मीही तोच हात फिरवते, वीतभर वरून. माझ्या तळहाताला आजवर काही म्हणजे काही लागलेलं नाही, ना ऊब, ना मुंग्या. मी कापड बघते. आताचे टी-शर्ट अंगाला चिकटलेले, त्यांवर श्वास जास्तच स्पष्ट दिसतो, त्यामुळे माझं नाव तुमच्यापेक्षा लवकर झालं. ‘मॅडमच्या हाताला कळतं’ असं बायका म्हणायला लागल्या तेव्हा मी हसून सोडून दिलं. पुढे हसायचीही थांबले, कारण ते मला आवडायला लागलं होतं.

जवळच्या एका खेड्यातून एक मावशी येतात, साठीच्या, घरची उसाची शेती. लहानपणापासून दमा, पर्समध्ये कायम पंप. मागच्या महिन्यात वज्रासनातून पुढे वाकलेल्या असताना त्यांच्या बरगड्या पहिल्यांदाच मागून नीट उघडताना मला दिसल्या. मला मनापासून आनंद झाला. ‘छान’ म्हणून पुढे जायचं, तर मी त्यांच्या पाठीवर वीतभर वरून हात धरला आणि म्हणाले, ‘मावशी, आता मोकळा झाला बघा तुमचा प्राण. इथे काही अडलेलं नाही.’ त्या उठल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी जाऊन त्यांनी पंप कपाटात ठेवून दिला. मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. नवव्या दिवशी शेजारच्या रानात कुणीतरी उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं. धूर घरात आला, आणि त्यांचा श्वास असा कोंडला की सुनेने टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या. मला क्लासमध्ये कळलं, आणि त्या सकाळी मी कुणाच्याच पाठीकडे बघू शकले नाही.

त्या घरी आल्यावर मी भेटायला गेले. सगळं खरं सांगायचं, असं रस्ताभर घोकत होते. पंप सोडायचा नाही, डॉक्टर सांगतील तसाच घ्यायचा, आसनं म्हणजे औषध नव्हे, हे मी दोनदा सांगितलं, आणि सुनेकडून पंप आणवून त्यांच्या उशाशी ठेवला. ते सोपं गेलं. मग सून चहा देता देता म्हणाली, ‘मॅडम, एक इचारू का? राग मानू नका. तुमच्या हाताला खरंच कळतं का वो?’ मावशी माझ्याकडे बघत होत्या.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘मला नाही कळत.’

मावशींचा चेहरा उतरला. तो मला बघवेना, आणि पुढचं वाक्य निघून गेलं. ‘पण आमच्या सरांना कळायचं.’

मावशी उशीला टेकून उठून बसल्या. ‘मंग तुमाला बी थोडं आलंच आसंल की! तुमी काय सांगणार, आपल्या तोंडानं कोन म्हन्तंय.’ मी चहा पीत राहिले.

सोनईला तुमच्या घरी काकू अजून आहेत, हे पत्र गेलं तर कुणाकडून तरी वाचून घेतील, म्हणून पाठवणार नाही. सोमवारपासून मावशी परत येताहेत. पंप आणणार आहेत, तसं सुनेने कबूल केलंय. मी मात्र हात पाठीमागे बांधून फिरायचं आणि जे डोळ्यांना दिसतं तेवढंच बोलायचं ठरवलं आहे. आणि एक कबूल करते. तुमच्या हाताला काही कळत नव्हतं, हे मी स्वेटर घालून स्वतः पारखलेलं आहे. तरी मावशींपुढे ते वाक्य बोलताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही.