वहिनीच्या दुधावरची साय

नगरा, झाशी
११ फेब्रुवारी

तीर्थरूप अलकनंदा आत्यास ईशाचा नमस्कार.

आत्या, आधीच माफी. मात्रा चुकतील, आणि मोबाईलवर मी एकाच बोटाने लिहिते, सकाळपासून एवढंच झालंय. पण फोनवर हे बोलता आलं नसतं.

हर्षितदादाचं बाळ सातव्या महिन्यातच आलं, आज अकरा दिवस झाले. बाराशे ग्राम. काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी. भावनावहिनी टाक्यांमुळे घरीच पडून आहे. ती दूध काढून देते, मी बर्फाच्या डब्यातून हॉस्पिटलला पोचवते. सिस्टरदीदी म्हणाल्या, बाळ लवकर आलं की आईचं दूधही वेगळं येतं, प्रोटीन जास्त असतं. वहिनीला तर कुणी काही सांगितलं नव्हतं गं, मग दुधाला कसं कळलं? तेव्हापासून मी बाटली दोन्ही हातांनी धरते.

पण पाच दिवस वजन हलत नाही. आता खरं सांगते. रात्रीचं दूध सकाळी फ्रिजमधून काढलं की वर साय असते. एवढंसं पोट, जड जाईल, म्हणून मी ती चमच्याने काढत होते, म्हशीच्या दुधावरची काढतो तशी. मोरीत नाही टाकली, तुळशीला घातली. कुणाला माहीत नाही. उद्या इन्फेक्शन बघायला बाळाच्या टाचेतून परत रक्त काढणार. माझ्यामुळे असेल का?

रागाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.
तुझी ईशा

इंदूर
११ फेब्रुवारी, दुपार

चि. ईशास आशीर्वाद.

अगं वेडे, तुमच्या तुळशीने चांगलंच बाळसं धरलं असेल! रागावले नाही. पण मला सांगून काय उपयोग? आत्ताच्या आत्ता जा, डॉक्टरीणबाईंना सांग, नाहीतर त्या लेकराला उगाच सुया टोचतील. फळ्यापाशी उभं राहून बोलावं लागतं म्हणून तू नववीत शाळा सोडलीस, ठाऊक आहे मला. तोंड उघडलंच नाही तर तुझं पत्र दाखव. पण जा.

तुझ्यावर होता तेवढाच जीव आहे, काकणभर जास्तच.
आत्या

झाशी
१५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

गेले. पत्र पुढे धरलं, तर डॉक्टरीणबाईंना मराठी कुठे येतं! मलाच अर्थ विचारला. मग दोन सिस्टर आणि तीन बाळांच्या आयांसमोर हिंदीत सगळं सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. वर पिवळसर, खाली निळसर पातळ. म्हणाल्या, याच पिवळ्याने बाळाचं अंग भरतं. काढायची नाही, बाटली हळूच फिरवून मिसळायची. बाळ बाकी ठीक होतं, म्हणून रक्त काढणं दोन दिवस थांबवलं, आणि मग काढावंच लागलं नाही.

वहिनीलाही सांगितलं. ती खूप रडली. मग म्हणाली, उद्याही दूध तूच ने.

पहिल्या दिवशी दहा ग्राम वाढलं, मग अठरा, आज बावीस! मी घरी काट्यावर बावीस ग्राम शेंगदाणे मोजले. मूठसुद्धा भरत नाही. पण आत्या, तेवढं माणूस काल नव्हतं, आज आहे. नुसत्या दुधातून. मी शेंगदाणे परत डब्यात टाकलेच नाहीत, कितीतरी वेळ बघत बसले.

माया आहेच, ती मागत नाही.
तुझी ईशा

ता. क. दादाच्या बिजौलीच्या कारखान्यात काल मोर शिरला. मशीनवर बसलाय, उतरत नाही, सगळ्यांना सुट्टी.