कोरडी बोट

११ जानेवारी, रविवार
नवी वही. वर्षाचे दहा दिवस गेले, पण ते तयारीत गेले असं धरायचं.

ठराव एकच: २ मेला, बोटक्लबचा झेंडा चढून मोसम सुरू होतो त्या दिवशी, बोट पाण्यात. डॅग्नीने शब्द दिलाय. आठवड्याची रजा काढून नातीला, विगाला, घेऊन येईल, तिघं मिळून एरो बेटावर जाऊ. एलिनॉर गेल्यापासून आम्ही एकत्र कुठे गेलोच नाही. अट मात्र घातलीय. म्हणाली, "बाबा, बोट तरंगत असली तरच हं. मागच्यासारखी शिडीवर बसून आठवडाभर रंग खरवडायला मी येणार नाही."

अगदी आईवर, एलिनॉरवर गेलीय.

कामांची यादी केली. एकतीस कामं. रोज एक म्हटलं तरी फेब्रुवारीच्या मध्यावर मोकळा. मग काय करायचं, हा प्रश्नच आहे.

२० जानेवारी, सकाळ
उणे सात. शिडीवर बर्फ. धक्क्यावरचा नळ गोठला. लोकांना वाटतं, घर विकून टेकूंवर उभ्या केलेल्या बोटीत राहणारा माणूस कुडकुडत असेल. या म्हणावं बघायला. ऑक्टोबरपासून शेगडी एकदाही विझू दिलेली नाही. आर्द्रता अडतीस टक्के! आजूबाजूच्या बोटींत बुरशी, माझ्या तळात धूळ. पंधरा वर्षं अडकणारा खण आता बोटाने उघडतो. राय धान्याचा काळा पाव दुपारपर्यंत विटेसारखा होतो, एवढीच काय ती गैरसोय.

यादीतलं एकही काम झालं नाही. थंडीत रंग धरत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
शेजारच्या बोटीचा गुडमुंड. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, फेरीबोटीवर इंजिन सांभाळून रिटायर झालेला. घर आहे, बायको आहे, चार नातवंडं आहेत, पण आतून एकटा असावा. म्हणून मी रोज दहाला त्याच्या बोटीवर कॉफीला जातो. तेवढीच त्याला सोबत. बाराच्या आत निघायला जीव होत नाही.

आज त्याने समुद्राच्या पाण्याच्या चार बादल्या स्वतःच्याच बोटीत ओतल्या. वर ओली पोती अंथरली. म्हणाला, "मास्तर, तूही ओत. आणि ती शेगडी विझव. लाकडी बोट आहे ती, भट्टीतला पाव नाही."

मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय. पाणी बोटीच्या बाहेर असावं, एवढं मला कळतं. पण बोललो नाही. वय झालंय बिचाऱ्याचं.

डॅग्नीचा फोन. चार मिनिटं. मागून विगा हाका मारत होती. मीच आवरतं घेतलं, म्हणजे ती "ठेवते बाबा" म्हणाली आणि मी लगेच "हो हो, मलाही कामं आहेत" म्हटलं.

२२ फेब्रुवारी
यादी सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली. काम क्रमांक बत्तीस म्हणून नोंदवून लगेच खोडलं. सुरुवात झाली.

१५ मार्च, रविवार
आज एक सुंदर गोष्ट. सकाळी डाव्या बाजूच्या फळ्यांमधून उन्हाची एक बारीक रेघ आत आली. केसाएवढी. साडेदहाला कपाटावर, मग हळूहळू सरकत बरोबर बाराला एलिनॉरच्या मगावर. तो मग अजून त्याच खिळ्याला आहे. तिथेच शोभतो.

सूर्यघड्याळ! एवढ्याशा बोटीत! दिवसभर काम सोडून बघत बसलो, पण निरीक्षण हेही कामच.

फोनवर विगाला सांगितलं. सहा वर्षांची आहे. विचारते, "आजोबा, बोटीला भोक पडलंय का?" भोक वेगळं आणि फट वेगळी, हे सविस्तर समजावलं. मध्येच डॅग्नीने फोन घेतला. आज सहा मिनिटं झाली.

१२ एप्रिल, रविवार
क्रेनची यादी लागली. लाकडी बोटी आधी पाण्यात, प्लास्टिकच्या नंतर, असा इथला जुना रिवाज. माझा नंबर १८ एप्रिल. पण व्हार्निशचा दुसरा हात राहिलाय. (पहिलाही.) एका दंतवैद्याची प्लास्टिकची बोट २ मेला सकाळी नऊला होती. त्याला घाई, मला नाही. उदार मनाने अदलाबदल केली. झेंडा बाराला चढतो. तीन तास म्हणजे डोक्यावरून पाणी.

हे ऐकून गुडमुंडने कपच खाली ठेवला. पहिल्यांदाच मास्तर न म्हणता नावाने हाक मारली. "थॉर्किल, सुकलेल्या लाकडाला पाणी पिऊन फुगायला आठवडा लागतो रे! तोवर फटी उघड्याच!"

मी शांतपणे म्हटलं, "तुझ्या बोटीला लागत असेल. माझी आधीपासूनच कोरडी आहे."

त्याने कप परत उचलला. मग आणखी कॉफी ओतली.

३० एप्रिल
व्हार्निश झालं. आरशासारखं. विगासाठी छोटं लाइफ जॅकेट आणलं, लाल. बिस्किटं, पावाला लावायला लिव्हरची पेस्ट, तिघांपुरते हेरिंग मासे. उद्या शेगडी जरा जास्त पेटवीन. मुलींना थंडी वाजायला नको.

२ मे, शनिवार, दुपारी ३. क्लबच्या खोलीतून
नऊला क्रेनने उचलली. दोन पट्ट्यांच्या झोळीत बोट काय दिसत होती! डॅग्नीने फोटो काढला. विगा जॅकेट घालून तयार.

सव्वानऊला तळातली धूळ ओली झाली. साडेनऊला फळकुटं तरंगायला लागली. पाणी एका जागेहून नाही, सगळीकडूनच येत होतं. क्रेनवाल्याने न विचारता पट्टे तसेच ठेवले. शेगडी बुडून फुस्स झाली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच.

डॅग्नीने बूट काढले आणि बादली घेतली. दुसऱ्या बाजूला गुडमुंड पंप घेऊन. बाराला धक्क्यावर झेंडा चढला, सगळ्यांनी तीनदा जयजयकार केला, आम्ही पाणी उपसत होतो. सूर्यघड्याळातून पाण्याची धार येत होती, थेट एलिनॉरच्या मगावर. विगाने वरून विचारलं, "आजोबा, आता किती वाजले?"

डॅग्नी एकदाच म्हणाली, "आई असती तर ओरडली असती तुला."

"हो," म्हटलं.

पट्ट्यांसकट का होईना, तरंगली म्हणायची.

४ मे
बोट पाण्यातच, पट्ट्यांत लटकलीय. मी गुडमुंडच्या घरी, त्याच्या नातवाच्या कॉटवर. त्याची बायको आस्टा तिसऱ्यांदा वाढते आणि काही विचारत नाही. डॅग्नी आणि विगा काल गेल्या. उरलेली रजा जुलैत घेईन म्हणाली. "जमलं तर. बघू बाबा."

सकाळी फटींत काहीतरी भरावं म्हणून निघालो, तर गुडमुंडने दारातच अडवलं. "हात लावायचा नाही. आता तुझं काही काम नाही. लाकूड आपलं आपण करतं."

९ मे, शनिवार
पट्टे सोडले. थेंबभरही पाणी नाही. सात दिवस मी आत नव्हतो, शेगडी नव्हती, यादीतलं एकही काम केलं नाही, आणि फटी आपोआप बंद झाल्या.

सामान परत आणलं. खण पुन्हा अडकतोय.

दहाला गुडमुंडकडे कॉफीला गेलो. त्याच्या बोटीची जागा रिकामी. आस्टा, नातवंडं, सगळे सकाळीच एरोला गेले. मला म्हणाला होता, चल. मी म्हटलं होतं, मला कामं आहेत.

परत येऊन एलिनॉरचा मग धुतला, खिळ्याला लावला आणि समोर बसलो. बाहेर लख्ख ऊन. आत रेघ आली नाही.

बारा वाजले असावेत.