चार नंबरला आलेला फोन

रिसीव्हर कानाला लावून मी दहापर्यंत आकडे मोजले, तो खाली ठेवला, रुमालाने पुसला आणि पुन्हा उचलला. पलीकडे कुणी नव्हतं. फोन जिवंत असल्याचा तो एकसुरी आवाज तेवढा येत होता. लिफ्टची मशीनरूम गच्चीवर आहे, दार सताड उघडं होतं, दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही उगाच अंधार कल्पायला नको. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा जिन्यात कुणी नाही असं पाहून मी हळूच "मामा?" म्हणालो. उत्तर आलं नाही. आलं असतं तर हे पत्र लिहिण्याच्या अवस्थेत मी राहिलो नसतो. तेव्हा तीर्थरूप मामांना, रिसीव्हर जागेवर ठेवून मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी नमस्कार.

तब्येत कशी आहे? गळ्याची जखम आता भरली असेल. मामी कळवतात की तुम्ही पाटीवर इतकं लिहिता की खडूची पेटी आठवडाभर पुरत नाही, आणि दारात कुणी आलं की आधी पाटीवर "बोला" लिहून त्याच्यासमोर धरता. (एकोणतीस वर्षं ऑफिसच्या फोनवर तुम्ही हॅलो म्हणाला नाहीत. तोच एक शब्द म्हणायचात. डॉक्टरांनी आवाज काढून घेतला, सवय त्यांच्या हाती लागली नाही.) पत्र कागदावर लिहितो आहे, कारण मेल लिहिली तर ऑफिस वाचतं, आणि फोन केला तर मला एकट्यालाच बोलावं लागेल. मला फोनवर साधं "हो" म्हणायलाही घाम फुटतो, हे तुम्ही जाणताच. या नोकरीला तुम्हीच मला लावलंत आणि पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात आलं होतं, की वाजणाऱ्या फोनकडे मी बंद खोलीतल्या विंचवाकडे पाहावं तसा पाहतो.

खरं तर दोष तुमच्या आवाजाचा आहे. तो माझ्या गळ्यात तसाच्या तसा उतरला. मी तुमच्याकडे राहायचो तेव्हा फोनवर आईसुद्धा फसायची. तुमच्या वाटणीची बोलणी मला बसायची आणि ती संपल्यावर ती विचारायची, भाचा घरी आहे का? एकदा मामींनी मला तुम्ही समजून अर्धा तास सुनावलं. तुम्ही कपाट का आवरत नाही, डोळे का तपासून घेत नाही, सगळं. मला मध्येच खुलासा करायचा धीर झाला नाही, म्हणून मी तुमच्या वतीने सगळं कबूल केलं. (पुढे तुम्हाला चष्मा लागला तो असा.) तेव्हापासून फोनवर बोलताना मला वाटतं की आपण दुसऱ्याचा सदरा घालून लोकांत आलो आहोत. म्हणून आमच्या नव्या मॅनेजर बाईंनी येताक्षणी फोनवरची कामं बंद करून सगळं मेलवर आणलं, तेव्हा सबंध ऑफिसात खुश झालेला माणूस मी एकटाच होतो. बाई म्हणतात, जे मेलवर नाही ते झालंच नाही. अगदीच नड म्हणून फोन केला, तर ज्याने केला त्याने त्याच दिवशी मेल करून काय बोलणं झालं ते कळवायचं. उपकरणं मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती काढण्याच्या परवानगीची मेल अजून वरून यायची आहे.

मी एकटा खुश होतो असं म्हणालो, ते चुकलं. वरचे मिस्त्री आणि खालचे मिस्त्रीही खुश होते. वरचे गच्चीवर मशीनरूममध्ये बसून लिफ्टची वीज चालू-बंद करतात, खालचे लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून तेल-वंगण बघतात. दोघं साडू आहेत. घरच्या कुठल्याशा भांडणावरून सहा वर्षं एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत. मेल आल्यापासून त्यांचं उत्तम चाललं होतं. खालचे लिहायचे, "आदरणीय महोदय, खड्ड्यात उतरत आहे. कळावे." वरचे लिहायचे, "महोदय, वीज बंद केली आहे. उतरावे." काम झालं की खालचे मला कळवतात, मी यादीवर खूण करतो आणि वर मेल टाकतो, "काम पूर्ण. चालू करावी." माझ्या या चार शब्दांवर आठ लिफ्ट चालतात. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

आता मंगळवार. सकाळी सहा नंबरचं काम संपलं. दुपारी खालचे मिस्त्री चार नंबरच्या खड्ड्यात उतरले. मी सहा नंबर चालू करायची मेल पाठवली. पण मामा, मी नवी मेल कधीच लिहीत नाही. कोरी जागा समोर आली की मला फोन उचलल्यासारखं होतं. मी कुठलीतरी जुनी मेल उघडतो आणि तिलाच उत्तर देतो. त्या दिवशी हाताशी आली ती चार नंबरची. आत मी नेहमीचे चार शब्द लिहिले, वर ठळक अक्षरांत आधीचाच विषय राहिला, लिफ्ट क्रमांक चार. तीन वाजून आठ मिनिटांनी पाठवली आणि चहा घ्यायला गेलो. चार नंबरला वीज मिळाली की ती जिथे असेल तिथून आधी तळमजल्यावर येऊन टेकते, ही तिची खोड तुम्हाला ठाऊक आहे. खड्ड्यात तिला अडवायचं बटण आहे, ते महिनाभर बिघडलेलं आहे. त्याची मेल तीन जणांच्या मंजुरीत फिरते आहे.

पुढचं मला बुधवारी वरच्या मिस्त्रींनी सांगितलं. माझ्या टेबलाशी आले, टोपी हातात, आणि उभ्यानेच बोलले.

"साहेब, हात खटक्यावर ठेवला होता. तेवढ्यात फोन वाजला. दोन वर्षांत तो वाजला नव्हता, मी दचकलोच. उचलला तर तुम्ही म्हणालात, 'बोला.' मी म्हटलं, साहेब, फोन तुम्ही केलाय, बोला काय? मग म्हणालात, 'हात काढा. खाली माणूस आहे.' आणि 'ठेवतो' म्हणून ठेवलात."

त्यांनी हात काढला. मग चार नंबरचं वरचं झाकण उघडून, खाली नऊ मजल्यांच्या पोकळीत वाकून सहा वर्षांत पहिल्यांदा साडूंना हाक मारली, "वर ये रे." खालच्यांना आधी कळेना, हाक नेमकी कोणाला. (त्यांनी सवयीने खिशातून मोबाइल काढून मेल पाहिली.) एवढं सांगून वरच्या मिस्त्रींनी टोपी डोक्यावर ठेवली. तुम्ही वेळेवर फोन केलात, नाहीतर मी घरी कुठल्या तोंडाने गेलो असतो, म्हणाले.

मी "बरं" म्हणालो. मी नेहमीच "बरं" म्हणतो. पण मामा, मी फोन केला नव्हता. तीन वाजून दहा मिनिटांनी मी चहाच्या यंत्रासमोर रांगेत होतो, हातात रिकामा कप, पुढे दोघं. माझ्या हातून काय गेलंय याची मला गंधवार्ताही नव्हती. आणि मशीनरूमच्या त्या फोनचा नंबर मला माहीत नाही. मी यादी पाहिली, यादीत नाही. जुन्या लोकांना आडून विचारलं, कुणालाच आठवत नाही. तो नंबर पाठ असलेला एकच माणूस मला ठाऊक आहे आणि त्याला आवाज नाही.

आता पेच ऐका. नवव्या मजल्यावर चार नंबरच जाते; तिथल्या लोकांना मंगळवारी जिने चढावे लागले, त्यांनी तक्रार केली. बाईंनी रेकॉर्ड काढलं. तीन-आठला चालू करण्याचा लेखी आदेश आहे आणि लिफ्ट चाळीस मिनिटं बंद आहे. आदेश कोणी मोडला? वरच्या मिस्त्रींनी. का मोडला? म्हणे फोन आला, खाली माणूस आहे; रेकॉर्डवर मात्र काम पूर्ण. फोनची मेल कुठे आहे? नाही. बाईंनी त्यांना शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत मुदत दिली आहे, मेल दाखवा, नाहीतर कामावर येऊ नका. आदेशच चुकीचा होता, हे बाईंना माहीत नाही. ते फक्त मला माहीत आहे, कारण सहा नंबरचं काम झाल्याचा कागद माझ्या खणात आहे. वरचे मिस्त्री कालपासून दोनदा येऊन गेले. भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. "एक ओळ टाका साहेब, फोन केला होता एवढीच," म्हणतात आणि जातात.

ओळ टाकणं सोपं आहे. टाकली की मिस्त्री सुटतात आणि मी चूक वेळेवर सावरणारा दक्ष माणूस ठरतो. वार्षिक शेऱ्यात येईल. न टाकता खरं लिहिलं, तर मिस्त्री तरीही सुटतात, पण चार नंबरखाली माणूस असताना ती चालू करायला सांगणारा माणूस मी, एवढंच उरतं. बाई तशा फटकळ आहेत. काल जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "तुम्ही फोन केलात? तुम्ही तर माझ्यासमोर बसूनसुद्धा मला मेल करता." मी हसलो. ते हसू माझंच आहे का, याचीही मला खात्री वाटेना.

म्हणून आज गुरुवारी तीनला गच्चीवर गेलो होतो. फोन काळा आहे, जड आहे, धुळीने भरलेला. फक्त रिसीव्हरवर धूळ नव्हती. (ती मिस्त्रींच्या हाताने गेली असणार. असंच मी जिना उतरताना स्वतःला सांगत होतो.)

मामींना नमस्कार. गळ्याला गार वारा लागू देऊ नका.

तुमचा भाचा,
ज्याचा आवाज तुमचा आहे

ता. क. मुख्य काम राहिलंच. मंगळवारच्या फोनची ओळ मी माझ्या नावावर टाकू का, एवढं विचारायला हे पत्र लिहिलं. तुमची हरकत नसेल तर पाटीवर "टाक" लिहा, मामी मेल करतील. त्या शिकल्या आहेत ना आता?

ता. क. दोन. वरचं रद्द समजा. उत्तर शुक्रवारी अकराच्या आत येणार नाही, हे मला पत्र लिहायला बसतानाच माहीत होतं. तेवढं मात्र कळवा, की मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही झोपला होतात. झोपला नसलात तरी तसंच कळवा.

शुक्रवार सकाळ. पाकीट चिकटवलं नव्हतं, म्हणून जोडतो. साडेआठला नवी मेल उघडली. कोऱ्या जागेत लिहिलं, चूक माझी, आदेश सहा नंबरचा होता, मिस्त्रींनी हात काढला म्हणून माणूस वाचला, फोन मी केलेला नाही. सहा नंबरचा कागद जोडला. बाईंनी दहाला बोलावलं. फोन कोणी केला हे त्यांनी एकदाच विचारलं. शेरा लागला. मिस्त्री कामावर आहेत. आजपासून चालू करण्याआधी मेल तर हवीच, वर फोनही करायचा, आणि शिक्षा म्हणून तो मी करायचा. तुमची जुनी खुर्ची त्यासाठी माळ्यावरून काढून आणली.

बाईंकडून परत आलो तर मामींची मेल आलेली होती. येताना खडूची पेटी आण, म्हणतात. मंगळवारी दुपारपासून तुमचा घसा बसला आहे, त्या गरम पाण्यात मीठ घालून गुळण्यांना देताहेत. बोलल्याशिवाय घसा बसतो कसा, असं त्यांनी विचारलं, तर तुम्ही पाटीवर "ठेवतो" लिहिलंत आणि पाटी खाली ठेवलीत.

अकरा वाजता मशीनरूमला पहिला फोन लावला. नंबर मला माहीत नव्हता. लागला. वरच्या मिस्त्रींनी उचलला आणि मी म्हणालो, "बोला."